रिट्रीटमेंट करताना या चुका टाळा: आधी बघा आत काय भरलंय

रिट्रीटमेंटमधली, म्हणजे आधी झालेलं रूट कॅनल उघडून परत करण्यातली, सगळ्यात मोठी चूक फाइल (कॅनल साफ करायची बारीक सुई) हातात घ्यायच्या आधीच होते. आत काय भरलंय आणि कुठल्या पद्धतीने, हे न बघताच आपण सुरुवात करतो. एक्स-रेवर सगळंच पांढरं दिसतं, पण काढताना प्रत्येकाचं वागणं वेगळं.

गटापर्चा (कॅनलमध्ये भरतात तो रबरासारखा गुलाबी पदार्थ) दिसला की लगेच सॉल्व्हंट (तो विरघळवणारं द्रव) ओतू नका. तो विरघळून गुलाबी चिखल होतो, भिंतींना पातळ थर बसतो आणि मग तो थर काढताना जीव जातो. वरचा आणि मधला भाग रिट्रीटमेंट फाइलने किंवा गरम टिपने कोरडाच काढा, सॉल्व्हंटचे दोन थेंब फक्त शेवटच्या काही मिलीमीटरसाठी, आणि नंतर पेपर पॉइंट (कॅनल टिपायची कागदी काडी) गुलाबी यायचा थांबेपर्यंत टिपत राहा. एपेक्सच्या (मुळाच्या टोकाच्या) बाहेर गेलेल्या गटापर्चाला मात्र सॉल्व्हंट लावूच नका, तो मऊ होऊन बाहेरच तुटतो. एच फाइल (ओढताना कापणारी फाइल) हलकेच फिरवत त्याच्यात रुतवायची आणि सरळ ओढायची, अख्खा येण्याची शक्यता त्यातच जास्त.

आता बायोसिरॅमिक सीलर, म्हणजे गटापर्चाभोवतीच्या फटी भरणारी, नंतर कडक होणारी पेस्ट. हा नेहमीच्या सॉल्व्हंटला दाद देत नाही. एका खालच्या मोलरमध्ये माझा चांगलाच घोळ झाला होता, गटापर्चाचा कोन वर्किंग लेंथच्या (कॅनल जिथवर भरायचा त्या लांबीच्या) 2 मिमी अलीकडे थांबलेला आणि पुढे नुसता सीलर, कोन तर पटकन निघाला पण नंतर फाइल दगडावर आपटल्यासारखी थांबायची, मी रोटरीने (मशीनवर फिरणाऱ्या फाइलने) थोडा जोर लावला आणि लेज (कॅनलच्या भिंतीत खोटी पायरी) झाला. अशा वेळी 8 किंवा 10 नंबरची फाइल टोकाला वाकवून हळूहळू वाट शोधायची, अल्ट्रासोनिक (कंपन करणारी टिप) फक्त सरळ भागात. वाट नाहीच सापडली तर थांबा, सर्जरीचा पर्याय पेशंटशी बोला. म्हणूनच पहिल्यांदा भरताना सिंगल कोन पूर्ण लेंथला बसलाय का हे एक्स-रेवर बघाच, आणि कुठला सीलर वापरला ते केस पेपरवर लिहा, पुढच्या डॉक्टरचे तास वाचतात हो!

कॅरियर (गटापर्चाच्या आतला कडक दांडा) असेल तर मधोमध ड्रिल करू नका. प्लास्टिकच्या कडेने गटापर्चा मऊ करून फाइल शेजारून उतरवा, तो सैल झाला की दोन एच फाइलमध्ये पकडून ओढा. क्रॉसलिंक गटापर्चाचा कॅरियर मात्र सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, तो रोटरीने कापूनच काढायचा.

जुना सिल्व्हर पॉइंट (कॅनलमध्ये भरलेली चांदीची काडी) दिसला तर कोर (दाताच्या वरच्या भागातलं फिलिंग) काढताना त्याचं डोकं चुकूनही कापू नका, पकडायला तेवढंच असतं. अल्ट्रासोनिकही थेट त्याला लावायचं नाही, चांदी मऊ असते, झिजून जाते.

आणि सगळं निघालं असं वाटलं की एक्स-रे दोन अँगलने काढा. चपट्या कॅनलमध्ये उरलेला माल समोरून दिसतच नाही.