नाव आधी, फोटो नंतर

डॉक्युमेंटरी फोटोग्राफी शिकायला आलेली मुलं आधी विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? मी त्यांना लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह उघडायला सांगतो. 1930 च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकन सरकारच्या फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे, मजुरांचे फोटो काढून घेतले. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, रसेल ली त्या कामावर होते. त्यातली हजारो छायाचित्रं या संग्रहात घरबसल्या फुकट पाहता येतात.

पाहताना मात्र एका ठिकाणी काढलेले सगळे फोटो शेजारी ठेवून पाहा. लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटोच घ्या. 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक थंडीने गेलेलं, तोडायला आलेल्या मजुरांना काम नाही. लँगने तिथे मोजक्याच फ्रेम घेतल्या. लांबच्या फ्रेममध्ये तंबू दिसतो, सामान दिसतं. गाजलेल्या फ्रेममध्ये दोन्ही मुलांनी तोंडं फिरवलीत, मांडीवर तान्हं आहे आणि आईचा हात गालाशी. जवळ जाता जाता काय काय सुटत गेलं, ते यात कळतं.

लँगने त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं; तिनेच पुढे तसं लिहिलंय. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला 1978 उजाडलं. त्या मूळच्या चेरोकी, हेही तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, ही त्यांची खंत होती.

हे सगळं वाचलेलं असूनही मी तीच चूक केली. साखर कारखान्याच्या अड्ड्यावर पहाटे एका कोपीपुढे, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीपुढे, भाकरी थापणाऱ्या बाईंचे फोटो काढले. वहीत लिहिलं, ‘ऊसतोड कामगार महिला’. पंधरा दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो, तर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. मुकादमाने विचारलं, “कोणती बाई?” मला सांगता येईना. ते प्रिंट अजून माझ्याकडेच आहेत.

तेव्हापासून आधी वही निघते. नाव, गाव, घरात कोण कोण, गावाकडच्या कुणाचा तरी फोन नंबर. उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, किती घेतली हे चारचौघांत विचारू नका, माणूस अवघडतो. फोटोखालचा मजकूर त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कुठेही पाठवू नका. गेल्या हंगामात एका मावशींना असाच वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवलं. “नुसतं मजूर नका लिहू. गावाकडं दोन एकर हाय आमची. पाणी नाही म्हणून आलोय.”

मजकूर तिथेच बसून पुन्हा लिहिला.