जळकट चव आली? आधी कापूस बघा

व्हेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) जळकट चव आली की लोक कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तारेची गुंडाळी, बदलतात. दोष बहुधा तिच्यातून ओवलेल्या, द्रव शोषणाऱ्या कापसाचा असतो. २६ गेज (तारेची जाडी) कँथल, म्हणजे तापणारी मिश्रधातूची तार, आतला व्यास ३ मिमी, ६ वेढे म्हणजे रोध साधारण ०.८ ओहम. आकडा सारखा हलत असेल तर कॉइल पकडणारा स्क्रू सैल आहे. कापूस ओवण्याआधी कॉइल कमी वॅटवर क्षणभर तापवा. कॉइल मधून कडांकडे लाल व्हावी. एखादाच वेढा आधी पेटला तर सिरॅमिक चिमट्याने हलके खरवडा. कापूस ओढताना किंचित अडावा, पण कॉइल वाकू नये. घट्ट कापसात द्रव चढत नाही, सैल असला तर गळतो. टोकं विरळ करा, द्रव आत येण्याच्या खाचेत कोंबू नका (सगळे तिथेच चुकतात!), आणि पूर्ण भिजल्यावरच बटण दाबा.