तबेल्यात पहिली नोकरी लागलीय? या चुका टाळा

पहिल्या दिवशी मी नवीकोरी ब्रीचेस, म्हणजे घोडेस्वारीची विजार, घालून गेले होते. पुण्याबाहेरचा एक रायडिंग क्लब, वेळ पहाटे साडेपाचची. तिथल्या थोरल्या सईसांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांना, सगळे मामा म्हणत. मामांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हातात फावडं-घमेलं ठेवलं. "सहा बॉक्स तुझे. नाश्त्याच्या आत."

बॉक्स म्हणजे एकेका घोड्याची खोली. एक घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो. सहा घोड्यांचा हिशोब तुम्हीच करा. पहिले पंधरा दिवस कंबर, मनगटं आणि तळहात आपले राहत नाहीत. दिवाळी असो की पाऊस, घोड्याला खायला लागतंच, त्यामुळे सुट्टी पाळीपाळीनेच मिळते. पगार, साप्ताहिक सुट्टी आणि लागलं-खुपलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. प्राणीप्रेमाच्या नादात मी विचारलं नव्हतं. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र आधीच घ्या, कारण हे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात.

नुसतं काम उरकणं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. डिसेंबरातली गोष्ट. बादल नावाचा म्हातारा घोडा चंदीला, म्हणजे धान्याच्या खुराकाला, तोंड लावेना.

"मामा, बादलनं चंदी ठेवलीय."

"लीद किती होती?"

मला आठवेना. अर्ध्या तासापूर्वी तो बॉक्स मीच साफ केला होता. नशिबाने घमेलं अजून उकिरड्यावर ओतलं नव्हतं. मामांनी त्यातली लीद बोटांत धरून फोडली. एरवी ती ओलसर असते, सहज सुटते. ही बारकी, टणक होती आणि वर शेंबडासारखा बुळबुळीत थर. मग त्यांनी पाण्याची बादली बघितली. रात्री भरलेली होती तशीच. थंडीत गार पाणी घोडे कमी पितात, आत चारा सुकून अडकतो. डॉक्टर आले, नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि पातळ पॅराफिन तेल सोडलं. संध्याकाळी बादलनं लीद टाकली तेव्हा आम्ही पाच माणसं बॉक्सच्या दारात उभं राहून ती कौतुकाने बघत होतो.

घोड्याला उलटी करता येत नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. म्हणून पोटशूळ, ज्याला तबेल्यात सगळे कॉलिकच म्हणतात, जिवावर बेततो. वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, वरचा ओठ मुडपणं, सारखं लोळणं, काम नसताना घाम: यातलं एक जरी दिसलं तरी समोरचा चारा आणि चंदी काढा, वेळ लिहून ठेवा आणि वरिष्ठांना हाक मारा. कपाटातलं इंजेक्शन स्वतःच्या अकलेने देऊ नका. त्यानं दुखणं दबतं आणि डॉक्टरला नेमकं काय चाललंय ते कळत नाही. नाडी मोजता येत असेल तर मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ ठोके असते, अंगाचं तापमान ३८.५ सेल्सिअसपर्यंत ठीक. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे तो धडधाकट असतानाच घेऊन ठेवलेले बरे.

पाण्याचंही तेच. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपोआप भरणारी टाकी असेल तर किती प्यायला ते कळतच नाही. मला अजूनही साधी बादली बरी वाटते.

मायेपोटी एक मूठ जास्त

घोडा दाराला पाय आपटतो, नाक फुरफुरतो, आपलं मन विरघळतं. भुकेला दिसला म्हणून चंदी वाढवू नका. घोड्याचं पोट गवतावर चालतं. भरडा आणि ओट ही वरची भर. ती वाढवायची किंवा बदलायची तर आठ-दहा दिवस घेऊन, थोडी थोडी. पावसाळ्यात गवताची पेंडी उकलताना आत हात घाला. गरम लागली, पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर ती पेंडी बाजूला. "वरवरची बुरशी आहे, झटकून देऊ" असं म्हणणारे भेटतील. ऐकू नका.

चंदीच्या खोलीची कडी. दुसऱ्या महिन्यात ती माझ्याकडून उघडी राहिली आणि एक शिंगरू आत घुसलं. बाहेर काढलं तेव्हा अगदी ठणठणीत दिसत होतं. किती खाल्लं ते माहीत नव्हतं आणि बोलणी बसतील म्हणून मी तासभर गप्प बसले. असा तास फार महाग पडू शकतो. धान्य भरमसाट पोटात गेलं की पोटशूळ होतो, शिवाय एक-दोन दिवसांनी खुराच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरला बोलवायचं ते घोडा बरा दिसत असतानाच. शिंगरू वाचलं. मामांनी शिव्या घातल्या त्या कडीपेक्षा त्या एका तासाबद्दल जास्त.

मागून गुपचूप जाणं

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तबेल्यात मागून जावंच लागतं. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. म्हणून आधी आवाज द्या, पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या भागावर, हात ठेवा आणि अंगाला चिकटून वळा, नाहीतर चांगलं तीन मीटर लांबून जा. खरा धोका मधल्या अंतरात असतो, कारण लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो. कान मागे पाडलेला घोडा दिसला की आत शिरायची घाई नको. मारवाडी घोड्यांचे कान टोकाला एकमेकांकडे वळलेले असतात. ते मुळातले तसेच, त्याला राग समजू नका.

दोर हाताला गुंडाळू नका. घोडा बिचकला की दोर आवळतो आणि साडेचारशे किलोंचं जनावर तुमच्यासाठी थांबत नाही. जास्तीचा दोर घडी घालून मुठीत धरायचा. बांधताना सुरगाठ, निरगाठ कधीच नाही. आणि दोर थेट भिंतीच्या कडीला बांधायचा नाही. कडीला सुतळीचा वेढा घालायचा आणि दोर त्या सुतळीला. घोडा घाबरून मागे रेटला तर सुतळी तुटते, मान वाचते. दोन रुपयांची सुतळी आहे, पण तबेला व्यवस्थित चालतोय की नाही ते मी आता तिच्यावरून ओळखते.

हमखास येणाऱ्या अडचणी

पाय उचलत नाही: शेपटीकडे तोंड करून खांद्याशी उभे राहा, त्याच्या खांद्याला आपला खांदा हलकेच टेकवा म्हणजे त्याचा भार दुसऱ्या पायावर जाईल, मग हात पायावरून खाली नेत मागच्या शिरेला चिमटा द्या. गुडघे टेकून बसू नका, उकिडवंही फार खाली नको. पटकन बाजूला होता आलं पाहिजे. खूर टाचेकडून पुढे खरवडायचा. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खोबणीत काळपट लिबलिबीत घाण आणि सडका वास असेल तर खूर कुजायला लागलाय. बॉक्स ओला राहतोय, तेही तपासा.

बॉक्स दिसायला साफ, पण डोळे चुरचुरतात: तुम्ही वरची लीद उचलताय आणि मूत मुरलेला भुसा खाली तसाच ठेवताय. खाली वाकून, घोडा आडवा झाल्यावर त्याचं नाक जिथे येतं तिथे आपलं नाक न्या. लगेच कळेल. उलट सगळाच भुसा उपसून टाकणारेही असतात. त्यांना मालक फार दिवस ठेवत नाही.

खोगीर फिरतं: तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडा पोट फुगवतो. दोन-तीन टप्प्यांत आवळा, चार पावलं चालवून पुन्हा बघा.

घोडा सुटला: पळू नका, ओरडू नका. आधी मुख्य फाटक लावा. मग बादलीत मूठभर चंदी खुळखुळवत सावकाश, त्याच्या खांद्याच्या बाजूने जा. आमच्याकडे एकदा सुटलेला घोडा पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं आठ माणसांना खेळवत होता. शेवटी स्वयंपाकघरातली बाई गाजराची पिशवी घेऊन आली आणि तो तिच्यामागे चालत बॉक्सात गेला.

चौथ्या महिन्यात मामांनी मला बादलवर बसवलं. पंधरा मिनिटं, नुसत्या चालीवर. उतरल्यावर तंग सैल केला, त्याला फिरवून थंड केलं, खूर खरवडले, खरारा केला. तेवढ्यात त्यानं धुतलेल्या फरशीवर लीद टाकली. मी ती आधी फोडून बघितली, मग घमेल्यात भरली.