कार्व्हिंग स्की घ्यायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

कार्व्हिंग म्हणजे स्की न घसरवता कडेवर कलवून, बर्फ कापत वळणं घेणं. सगळ्यात आधी बूट. स्की घ्यायला निघाला असाल तरी पहिले बूटच, कारण बुटात पाय हलत असेल तर तुम्ही गुडघा कितीही आत झुकवा, ते खाली एजपर्यंत, म्हणजे स्कीच्या धातूच्या कडेपर्यंत, पोचतच नाही. म्युनिकला आल्यावर पहिले दोन सीझन मी भाड्याने मिळतील ते बूट घालायचे, एक नंबर मोठे, थंडी वाजू नये म्हणून आत मोज्यांचे दोन जोड, आणि संध्याकाळी नडगी इतकी सोलवटलेली असायची की स्टेशनचा जिना उतरवत नव्हता. आता पक्कं माहितीये, मोजा एकच आणि पातळ. बुटाचा नंबर म्हणजे सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी, 26.5 म्हणजे साडेसव्वीस सेंमी, आणि आतलं लायनर म्हणजे मऊ अस्तर काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घालून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. मग लायनर घालून सरळ उभं राहायचं, तेव्हा बोटं पुढे टेकतात, घाबरू नका, गुडघे वाकवले की मागे सरकतात. दुकानात वीस मिनिटं तरी तसेच घालून फिरा.

आता स्की. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, उदा. 122-68-104, म्हणजे पुढची, कंबरेची आणि मागची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि शेजारी आर म्हणून रेडियस मीटरमध्ये. रात्री मशीन फिरवून दाबलेल्या पिस्टवरच, म्हणजे स्कीसाठी तयार केलेल्या उतारावरच, जायचं असेल तर कंबर 66 ते 74च्या आसपास बघा, कारण कंबर बारीक असली की स्की एका एजवरून दुसऱ्या एजवर पटकन जाते. 85-90ची कंबर भुसभुशीत बर्फात छान तरंगते पण सकाळच्या कडक पिस्टवर गुडघ्यांना फार मेहनत पडते. रेडियस म्हणजे स्कीच्या बाजूला जो बाक आहे तो तसाच पुढे वाढवत पूर्ण गोल काढला तर त्या गोलाची त्रिज्या. 12-13 म्हणजे स्लॅलमवाली, छोटे छोटे टर्न, 14 ते 16 ऑलराउंड, आणि 17-18च्या पुढे गेलं की जायंट स्लॅलमच्या अंगाची, म्हणजे मोठ्या टर्नची, तिला वेगही लागतो आणि रुंद मोकळं पिस्टही. आणि तो आकडा म्हणजे काही शेवटचा शब्द नाही, स्की जितकी जास्त कलवाल तितकी ती जास्त वाकते आणि टर्न त्याहून लहान होतो. रविवारी आमच्या इथल्या अरुंद, गर्दीच्या पिस्टवर मला तरी 13-14च बरं वाटतं.

लांबी ऑलराउंडची हनुवटी ते नाक यांच्या मधे कुठेतरी, स्लॅलमवाली अजून थोडी आखूड चालते. पण फक्त उंची बघू नका, वजन बघा. स्की वाकते ती तुमच्या वजनाने आणि वेगाने. टायटनालचे म्हणजे त्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे दोन पत्रे घातलेली कडक स्की वेगात अजिबात थरथरत नाही, खूप सुंदर चालते, पण निळ्या, म्हणजे सोप्या, पिस्टवर हळू जाणाऱ्याला ती वळवताच येत नाही आणि मग माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. स्वतःची लेव्हल खरी सांगा. लाल, म्हणजे मध्यम अवघड, पिस्ट आरामात उतरता येतं का, की शेवटी मांड्या भरून येतात?

बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या खटक्याचं, सेटिंग स्वतः करायचं नाही. वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता, एवढं सगळं धरून ते ठरतं, म्हणून दुकानात वजन कमी करून सांगू नका, पडल्यावर स्की सुटणं न सुटणं यावर अवलंबून असतं. बूट बदलले की परत चेक करून घ्यायचं. सोल ग्रिपवॉक म्हणजे चालायला सोपं, बाकदार रबरी आहे की जुनं सपाट अल्पाइन, आणि बाइंडिंगला ते चालतं का, हेही तेव्हाच विचारा.

सेकंडहँड घेणार असाल तर दोन मीटरच्या सरळसोट जुन्या स्की स्वस्तात दिसतील, त्या सोडून द्या. स्लोव्हेनियाच्या एलानने 1993मध्ये एससीएक्स ही बारीक कंबरेची स्की आणली आणि मग सगळ्यांच्याच स्कींना अशी कंबर आली, तुम्हाला ती त्यानंतरचीच हवी. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, मधे फट दिसली पाहिजे आणि हाताने दाबली की मिटली पाहिजे. मग एजवर नख आडवं ओढून बघा, नखाची बारीक पांढरी भुकटी निघाली तर धार आहे, नख नुसतं घसरलं तर नाही. पूर्ण लांबीभर असं करत जायचं, बहुतेक वेळा कंबरेखालीच बोथट झालेली सापडते. धार लावता येते, पण एजचा पत्राच झिजून पातळ झाला असेल तर घेऊ नका.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी एक दिवस टेस्ट स्की भाड्याने घ्या, त्याच पिस्टवर दोन वेगळ्या जोड्या, सकाळी साडेआठला एक आणि जेवणानंतर दुसरी असं नको, दोन्ही सकाळीच, कारण दुपारी बर्फ मऊ होतो आणि तुलनाच राहत नाही. सकाळी पिस्टवर पाभर फिरवलेल्या शेतासारख्या बारीक ओळी असतात. त्यावर दोन-तीन टर्न घ्या, थांबा आणि मागे वळून बघा. रेल्वेच्या रुळासारख्या दोन पातळ रेघा दिसल्या की स्की कापतेय, झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा दिसला की घसरतेय. माझ्या पहिल्या दोन रेघा ऑस्ट्रियातल्या झिलरटालला उमटल्या, जेमतेम चार मीटरच्या असतील, मी तिथेच उभी राहून बघत बसले होते.

डोलोमाइट्सला जाणार असाल तर थर्ड पार्टी इन्शुरन्सचा कागद फोनमध्ये ठेवा, इटलीत 2022पासून पिस्टवर तो सक्तीचा आहे. हेल्मेट आणि गॉगल दुकानात एकत्रच घालून बघा, कपाळावर फट राहायला नको. बॅगेत एक जुना सुती पंचा टाका. परत निघताना स्की पुसल्याशिवाय पिशवीत भरायची नाही, दुसऱ्या दिवशी एजवर तांबूस गंज आलेला असतो.