पॉक्सो खटल्यात मुलासोबत जाण्याआधी : सपोर्ट पर्सनची तयारी

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्या कायद्याखालच्या खटल्यात, अत्याचार झालेल्या मुलासोबत तपासापासून निकालापर्यंत राहणाऱ्या माणसाला सरकारी कागदावर सहायक व्यक्ती म्हणतात, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सपोर्ट पर्सन. हे काम घ्यायचं ठरलं तरी आपणहून एखाद्या मुलाच्या घरी जाता येत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं आणि नेमणूक बाल कल्याण समिती करते. अर्जासोबत शिक्षणाची आणि अनुभवाची कागदपत्रं लावा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा, त्याला वेळ लागतो.

नेमणुकीचा आदेश हातात पडला की चार झेरॉक्स काढा : एक तपास अधिकाऱ्यांना, एक विशेष सरकारी वकिलांना, एक कोर्टाच्या फायलीसाठी आणि एक कायम पिशवीत. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे नेमणुकीपासून २४ तासांत पोलिसांनी विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. ते पत्र गेलं का, हे स्वतः विचारा. सुनावणी बंद दालनात चालते. फायलीत तुमचं नाव नसेल तर पट्टेवाला तुम्हाला दारातच थांबवेल, आणि त्याची चूक नसेल.

एका वहीत गुन्हा नोंद क्रमांक, कलमं आणि तपास अधिकाऱ्यांचा नंबर लिहा. दोषारोपपत्र दाखल झालं की १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतला त्या खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, मागून घ्या. मुलाचं नाव, शाळा, पत्ता मात्र त्या वहीत नको आणि फोनमध्येही नको. ओळख उघड होऊ न देणं ही कायद्याने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि ती बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या एखाद्या कागदाच्या फोटोतून मोडते. घरी जाताना संस्थेचा बोर्ड लावलेली गाडी गल्लीच्या तोंडाशीही उभी करू नका.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. मुलाला घटनेबद्दल विचारू नका. पहिल्या भेटीत नाही आणि दहाव्या भेटीतही नाही. जबाब पोलिसांनी घेतलेला असतो, मॅजिस्ट्रेटसमोरही झालेला असतो. तुम्ही प्रेमाने उजळणी करून घेतलीत तर उलटतपासणीत प्रश्न येतो, 'हे असं सांगायचं कोणी सांगितलं?' मूल खरं बोलतं : 'ताईंनी.' तेवढ्यावर साक्ष पढवलेली ठरवायचा प्रयत्न होतो, आणि तुम्हालाही साक्षीदार म्हणून बोलावणं येऊ शकतं. मूल आपणहून बोलू लागलं तर तोडू नका, खोदूही नका; काही नवं निघालं तर तपास अधिकाऱ्यांना किंवा सरकारी वकिलांना कळवा. सराव करायचाच तर चार वाक्यांचा करा : 'प्रश्न कळला नाही', 'ऐकू आलं नाही', 'आठवत नाही', 'मला जरा थांबायचंय'. शेवटचं वाक्य मुलं सहसा उच्चारत नाहीत, म्हणून ते मोठ्याने म्हणायला लावा. वारंवार विश्रांती मिळणं हा पॉक्सो कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे त्यांचा हक्क आहे. वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जावेत, हेही त्याच कलमात आहे.

साक्षीच्या आदल्या दिवशी कोर्टात जाऊन या, जमल्यास मुलाला घेऊन. आरोपीला कुठल्या जिन्याने आणतात ते पाहून ठेवा. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये यासाठी कलम ३६ मध्ये पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओची सोय सांगितली आहे. पडदा असेल तर मुलाच्या खुर्चीत बसा आणि मान मुलाच्या उंचीपर्यंत खाली आणा. उभ्याने पाहिलं की पडदा पुरेसा वाटतो; खाली बसलं की त्याच्याखालून चपला दिसतात, आणि ओळखीच्या माणसाच्या चपला मूल लगेच ओळखतं. तसं असेल तर सरकारी वकिलांना त्याच दिवशी सांगा.

पिशवीत पाणी, डबा, कपड्यांचा जादा जोड, पॅड, चालू औषधं आणि रंगखडू ठेवा. अकराला बोलावलेल्या मुलाचा पुकारा तीनला होऊ शकतो. उपाशी मूल तीन वाजता 'हो' म्हणून मोकळं होतं. कायदा न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल म्हणतो, पण तारखा पडतात. 'आज संपेल' असं मुलाला सांगू नका.

पैशांची चौकशी आईवडील संकोचाने करत नाहीत, म्हणून तुम्ही करा. जेवण, कपडे, प्रवास यांसाठी समिती तातडीची मदत सुचवू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात ती मिळायला हवी. अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या, भरपाईचा अर्ज विशेष न्यायालयात करता येतो. महाराष्ट्रात मनोधैर्य या पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या सरकारी योजनेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बँक पासबुकावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आधी पाहा.

समितीला दर महिन्याला अहवाल द्यायचा असतो. त्यात झोप, जेवण, शाळेतली हजेरी, घरातलं वातावरण लिहा, खटल्याबद्दलची स्वतःची मतं नकोत. आरोपीने जामीन मागितला किंवा तो सुटला, तर मुलाच्या घरच्यांना ते तुमच्याआधी शेजाऱ्यांकडून कळता कामा नये.

आणि मूल व पालक कधीही तुमच्याऐवजी दुसरं कुणी मागू शकतात. मुलाने कारण द्यायची गरज नाही. तुम्हीही विचारू नका. वही आणि फाईल समितीकडे पोच घेऊन जमा करा आणि पुढची तारीख नव्या माणसाला स्वतः सांगा.