लँथॅनाइडच्या प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग का चुकतं? या चुका टाळा

लँथॅनाइड म्हणजे लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्यं. ‘सगळे लँथॅनाइड +3 (तीन इलेक्ट्रॉन गमावलेले), म्हणजे सगळे सारखेच’ एवढ्यावर पेपर निघतो, प्रयोगशाळेत मात्र याच समजुतीने घोळ होतो.

नाशिकच्या पावसाळी, दमट हवेत पहिला फसवतो तो लँथॅनम ऑक्साइड. ही पांढरी पूड चुन्यासारखी हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, पण दिसायला होती तशीच राहते. 250 मिली 0.01 मोलर द्रावणाला 0.4073 ग्रॅम ऑक्साइड लागतो. पूड पुरती हायड्रॉक्साइड झाली असेल, तर तेवढ्याच वजनात लँथॅनम सुमारे 14 टक्के कमी भरतो आणि दोष विनाकारण ब्युरेटवर जातो. ओव्हनमध्ये 110 अंशांवर ठेवून भागत नाही. त्याने नुसता वरचा ओलावा उडतो. मफल भट्टीत 900 अंशांवर तासभर तापवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि लगेच वजन घ्या. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर पूड फसफसली, तर तिच्यात कार्बोनेट उरलंय. ते वजन धरू नका.

ईडीटीए (धातूच्या आयनांना बांधून ठेवणारं संयुग) वापरून टायट्रेशन करताना पाण्याची कठीणता मोजायची सवय नडते. हात आपोआप पीएच 10 च्या बफरकडे जातो आणि लँथॅनम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो. शिवाय फ्लास्क बोअरच्या पाण्याने विसळला असेल, तर त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्या पीएचला मोजलं जातं. इथे हेक्झामीनचा बफर वापरून पीएच 5 ते 6 ठेवा, सूचक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) झायलेनॉल ऑरेंज. लालसर जांभळा रंग जाऊन लिंबासारखा पिवळा आला की थांबा. पीएच 6.3 च्या वर गेला तर सूचक स्वतःच जांभळा पडतो, मग कितीही ईडीटीए ओता, एंड पॉइंट दिसणार नाही. शेवटचे थेंब सावकाश सोडा. सूचकाचं द्रावण जुनं झालं की रंगबदल बोथट होतो; पोटॅशियम नायट्रेटमध्ये 1 टक्का घोटून ठेवलेली पूड जास्त टिकते.

सिरियम +4 मध्येही जातो, आणि तिथे आम्लाची कंजुषी महागात पडते. सेरिक अमोनियम सल्फेट साध्या पाण्यात घातलं तर द्रावण गढूळ होतं, कारण लहान आकाराचा, चार भारांचा हा आयन पाण्याशीच अभिक्रिया करतो (हायड्रॉलिसिस). 500 मिली 0.1 मोलर द्रावणासाठी आधी 250 मिली पाण्यात 14 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल हळूहळू ओता (आम्लात पाणी कधीच नाही), मग सुमारे 32 ग्रॅम क्षार घालून कोमट करत ढवळा. गार झाल्यावर खुणेपर्यंत भरा आणि प्रमाणित करून घ्या. सिरियम +4 ते +3 या बदलाचं विभव (इलेक्ट्रोड पोटेन्शियल) लिहिताना माध्यमही लिहा: 1 मोलर सल्फ्युरिकमध्ये 1.44 व्होल्ट, पर्क्लोरिकमध्ये 1.70.

निओडिमियमच्या क्षाराचा रंग खिडकीपाशी पाहा. उन्हात तो फिकट जांभळा असतो, ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो.

अ‍ॅक्टिनाइडला (थोरियम, युरेनियम वगैरेंच्या खालच्या ओळीला) तर हा +3 चा हिशेब लावूच नका. थोरियम +4 वर स्थिर. युरेनियम +3 ते +6, आणि द्रावणात सहसा सरळ रेषेतल्या युरेनिल आयनाच्या (एक युरेनियम, दोन बाजूंना ऑक्सिजन) रूपात. म्हणूनच सोडियम कार्बोनेट जास्त झालं की युरेनिल विरघळून राहतो, लँथॅनमचा मात्र साका बसतो. कपाटात युरेनियम-थोरियमच्या जुन्या बाटल्या सापडल्या तर त्या उघडू नका, सिंकमध्ये ओतू नका, विभागप्रमुखांना कळवा.