हसू ओठावर असतानाच: हेरपटाचा शेवट कसा लिहावा

आमच्या पहिल्या लघुपटात नायक मेला तेव्हा लोक हसले. गणपतीच्या मांडवात पडदा बांधला होता. गोळी लागून बहुरूपी कोसळला आणि मागच्या रांगांतून हशा उठला. चूक लोकांची नव्हती. अर्ध्या मिनिटापूर्वी मीच त्यांना पोट धरून हसवलं होतं आणि मग एकदम ढोल वाजवून, कॅमेरा गदागदा हलवून सांगितलं होतं की आता रडा. माणसाचं मन असं बटण दाबून बदलत नाही.

मी अंबाजोगाईला पोरांच्या एकांकिका बसवते, लघुपटही करते. त्या गोष्टीचा शेवट पुढे मी ७ वेळा लिहिला. गोष्ट १९४८ सालची: निजामाच्या हद्दीतला करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा नाका, पलीकडे सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांची छावणी, आणि हवालदाराचं सोंग घेऊन निरोप पोचवणारा एक बहुरूपी. त्या ७ खर्ड्यांत हाताला जे लागलं ते इथे देते. हेराची गोष्ट लिहायला घेतली असेल तर उपयोगी पडेल.

आधी हे लक्षात घ्या की हेराच्या गोष्टीत विनोद आणि भीती हे एकाच आडाचं पाणी आहे. हवालदार खोटा आहे हे आपल्याला माहीत असतं, नाक्यावरच्या शिपायाला नसतं. शिपाई त्याला कडक सलाम ठोकतो, आपण हसतो. तोच शिपाई त्याच्या फाटक्या पायताणाकडे बघतो, आपण श्वास रोखतो. आपली माहिती दोन्ही वेळा तेवढीच असते, त्याची मात्र वाढत जाते. म्हणून गंमत संपवून गंभीर करायला नवा प्रसंग आणू नका, नवा खलनायक तर नकोच. समोरच्याला किती कळलंय, एवढंच सरकवत राहा. कागदावर दोन रकाने आखा: प्रेक्षकाला काय ठाऊक, शिपायाला काय ठाऊक. शेवटच्या प्रसंगाच्या दर चार ओळींनी ते भरा. दुसरा रकाना जिथे पहिल्याला गाठतो, तिथे उजेड संपतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या वस्तूवर लोक हसले, तीच वस्तू घात करणारी हवी.

माझ्या आधीच्या खर्ड्यांत विनोद होता मिशीचा आणि मरण होतं पिस्तुलाचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मग शिट्टी सुचली. बहुरूप्याच्या गळ्यात हवालदाराची पितळी शिट्टी असते. फुंकली की नुसती 'फुस्स' करते. आतली बुचाची गोळी त्यानं काढून ठेवलीय. गावात पोरं मागं लागतात, "हवालदार, शिट्टी वाजवा की!" तो गाल फुगवतो, फुस्स. लोक हसतात. पाटलाच्या वाड्यापुढे पुन्हा फुस्स, पुन्हा हसू. नाक्यावर शिपाई दरडावतो, "क्या है ये? बजा के दिखा." फुस्स. शिपाईही हसतो. हसत हसत तो शिट्टी ओढून घेतो, स्वतःच्या ओठांना लावतो, फुंकतो. फुस्स. मग एक डोळा मिटून तिच्या फटीतून आत बघतो.

चिठ्ठी तिथे आहे. गोळी त्याचसाठी काढली होती, आणि फुस्स व्हायचं तेही चिठ्ठीमुळेच.

इथे एकही नवी गोष्ट घडत नाही. तीच शिट्टी, तेच माणूस, तोच खेळ. पण मांडव गप्प झाला, तो यावेळी.

ही युक्ती माझी नाही, मोठ्या चित्रपटांत ती उघड दिसते. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँडचं लग्न लागतं, गाडी फुलांनी सजवलेली असते, आणि तो गाडी थांबवतो ती फुलं काढण्यासाठी. तेवढ्यात शेजारून गेलेल्या गाडीतून गोळ्या येतात आणि नवरी जाते. गाडी थांबायला दुसरं कारणही चाललं असतं, पंक्चर वगैरे. फुलं घेतली म्हणून तो शेवट इतका जिव्हारी लागतो. उलट्या दिशेनंही हेच होतं. हिचकॉकच्या १९५९ च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये नायक कड्यावर लोंबकळणाऱ्या नायिकेला हात देऊन वर ओढतो, आणि ओढता ओढताच दृश्य बदलतं: तो तिला रेल्वेच्या वरच्या बर्थवर घेतोय, लग्न झालेलं आहे. मरणातून सुटकेकडे जायला एक हात पुरला.

वेळ साधणं मात्र कागदावर शिकता येत नाही. मला ते देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीनं, तिथल्या काळोख्या भुयारी वाटेनं शिकवलं. शाळेच्या सहलीत आमच्यापुढे टेंभा घेतलेला वाटाड्या होता, मोठा गमत्या माणूस. आत शिरताना तो आवाज काढायचा, आवाज घुमायचा, आम्ही खिदळायचो. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या, वळण. तिथे त्यानं काही न सांगता टेंभा विझवला. आमचं हसू लगेच थांबलं नाही. गच्च काळोखात ते दोनेक क्षण चालूच राहिलं, मग एकेक आवाज गळत गेला. शेवटी एकटी एक मुलगी हसत होती. तिलाही ते ऐकू आलं आणि ती गप्प झाली. वाटाडा तोवर बोललाच नाही.

ते दोन क्षण तुमच्या शेवटात हवेत. हसू पूर्ण विरल्यावर काळोख आणला तर तो दुसरा प्रसंग वाटतो. हसू ओठावर असतानाच आणा आणि मग गप्प बसा. आम्ही शिपायाचा डोळा फटीला लागल्यापासून चिठ्ठी ओढेपर्यंत ११ सेकंद ठेवले. मागे त्याचा जोडीदार अजून हसतोय, त्याला काही दिसलेलं नाही. ते हसू मी मुद्दाम राहू दिलं. बहुरूप्याचा सलाम कपाळाशी तसाच.

चित्रण करताना काही किरकोळ गोष्टी. पार्श्वसंगीत काढून टाका, निदान त्या जागी तरी. कंदिलाची वात वर-खाली करू नका. उजेड तोच राहू दे, काळोख माणसाच्या चेहऱ्यावर उतरू दे. नटाला सांगा की चेहरा बदलायचा नाही, फक्त हसू थांबवायला उशीर लावायचा. आमच्या शिपायाचं काम करणारा मुलगा आधी डोळे वटारायचा. त्याला म्हटलं, "तुला धक्का बसलेला नाही रे, तुला आत्ता कळतंय." पुढच्याच खेपेला जमलं. बंदुकीची गोळी आम्ही दाखवली नाही. धुळीत पडलेली शिट्टी दाखवली.

आता परत उजेडाकडे यायचं का? मला वाटतं यावं. नाथांच्या भारुडात आधी विंचवाच्या नांगीवर हसतो, मग ती आपल्यालाच लागलीय हे कळतं, आणि तरी शेवटी उतारा असतो. आपल्या लोकांच्या कानाला ही चाल पाठ आहे. पण उतारा फुकट नको. मेलेला माणूस जिवंत निघाला, असलं काही केलंत तर आधीची ११ सेकंदं वाया गेली म्हणून समजा.

आमचा सातवा खर्डा धुळीतल्या शिट्टीवरच संपत होता. मी तो आत्याला वाचून दाखवला. रझाकाराच्या दिवसांत ती लहान होती, रात्री-अपरात्री शेतात लपल्याचं तिला आठवतं. सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "आन् ती पोरगी गं? ती गोळी घिऊन बसली आसंल की आजून."

मी विसरूनच गेले होते. पहिल्याच प्रसंगात बहुरूपी शिट्टीतली बुचाची गोळी काढून एका लहान मुलीच्या हातावर ठेवतो, म्हणतो, "जपून ठेव, आल्यावर घेतो." तेव्हा तेही हसण्यासाठीच घातलं होतं.

मग शेवटचं दृश्य लिहिलं. १७ सप्टेंबर १९४८. निजामानं शरणागती पत्करलीय, नाका ओस पडलाय, आडवा बांबू मोडून पडलाय. मुलगी धुळीतून शिट्टी उचलते, परकराला पुसते, कनवटीची गोळी फटीतून आत सारते आणि फुंकते. यावेळी शिट्टी वाजते. ती रस्त्याकडे बघते आणि पुन्हा फुंकते.